कोपरा नसलेलं कार्ड

माझ्या पत्त्यावर आजवर जी पत्रं आली, त्यातली बरीचशी माझी नव्हती. वर ‘अर्जुना पुकळे’ आणि खाली ‘द्वारा गंगाधर, वाचनालय, कोरेगाव’ असं लिहिलेलं असायचं. पोस्टमन कार्ड माझ्या हातात ठेवून म्हणायचा, ‘घ्या, तुमचं आलं.’ ते ऐकायला मला बरं वाटायचं, म्हणून मी त्याला कधी काही बोललो नाही.

मला लिहायची सवय नाही. वाचनालयात जन्म गेला, पण हातून लिहिले गेले ते पुस्तकांच्या पाठीवरचे नंबर. मागच्या महिन्यात सांगलीहून, अर्जुनाची पुस्तकं छापणाऱ्या घरातल्या मयूरीचा फोन आला की अर्जुनाकाकांवर चार पानं लिहून द्या, तुम्हीच त्यांना जवळून पाहिलंय. मी नको म्हटलं. मग दोन दिवसांनी अर्जुनाचाच फोन. ‘लिवा की गंगाधरराव. चुकलं तर मी हाय,’ म्हणाला. म्हणून लिहायला बसलो आहे. चुकलं तर तो आहे.

अर्जुना मेंढरं राखणारा. घर माणच्या बाजूला, म्हसवडच्या पुढं. तिकडं पाऊस बेताचा, त्यामुळे दिवाळी झाली की ही मंडळी घोड्यांवर बिऱ्हाड घालतात आणि मेंढरं हाकत पश्चिमेला येतात. पुसेगाव, कोरेगाव, रहिमतपूर, कधी खाली कडेगावपर्यंत. ऊस तुटून गेलेल्या रानात शेतकरी त्यांना बोलावून घेतो. मेंढरं चार रात्री बसली की रानाला खत होतं, आणि त्याबदली यांना धान्य मिळतं. मग पुढचं रान. पाऊस पडायच्या सुमाराला परत गावाकडं. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने या माणसाचा पत्ता म्हणजे कुणाचं तरी शेत, आणि तेही आठवडाभर टिकेल असं नाही.

तो पहिल्यांदा आला तेव्हा आम्ही दोघंही तरुण होतो. खांद्यावर घोंगडं, हातातली काठी त्यानं दाराबाहेर टेकवून ठेवली. वर्गणी न भरता बसून वाचलेलं चालतं का, असं विचारलं. मी चालतं म्हणालो, तरी तो बसला नाही. कपाटाजवळ उभ्यानंच वाचत राहिला. बाहेर मेंढरं वाट बघत असल्यासारखं. पुढच्या वर्षी आला तेव्हा लोकरीच्या दोऱ्यानं बांधलेलं एक बाड माझ्या टेबलावर ठेवलं. शाळेच्या वह्यांची पानं होती. ‘जरा बघा,’ म्हणाला आणि गेला.

ती कादंबरी होती. दहावी झालेल्या माणसानं दुपारी मेंढरं सावलीला बसली की लिहिलेली. मी ती घरी नेऊन वाचली आणि मग माझ्या आयुष्यातली एकच धीट गोष्ट केली. ते बाड सांगलीच्या अप्पा बुधगावकरांना पाठवलं. त्यांची माझी ओळख काहीच नव्हती. त्यांच्याकडून वाचनालयाला पुस्तकं यायची आणि त्यांच्या यादीच्या शेवटी कधीकधी हातानं लिहिलेली एखादी ओळ असायची, ‘यातले तिसरे पुस्तक नाही घेतले तरी चालेल.’ स्वतःच्या पुस्तकाबद्दल असं लिहिणारा माणूस खोटं बोलणार नाही, असं मला वाटलं होतं.

अप्पांचं प्रकाशन म्हणजे गावभागातल्या त्यांच्या घराची पुढची खोली. ऐकू कमी यायचं, त्यामुळे फोनचा उपयोग नसे. सगळा कारभार पोस्टकार्डावर. आणि अक्षर असं, की छापखान्यातली मुलंसुद्धा हात जोडायची. सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत ते अक्षर दोघांनाच लागायचं, मला आणि अर्जुनाला. सवयीनं लागायला लागलं. अर्जुना म्हणायचा, पावसातनं मेंढरं पळाल्यावर चिखलात असंच उमटतं, त्यामुळं मला वाचता येतं.

पत्रव्यवहार असा चालायचा. अप्पांचं कार्ड वाचनालयात यायचं. दाराजवळच्या फळीवर एक डबा ठेवला होता, त्यात मी ते टाकायचो. जोतिबा नावाचा एकजण दुधाचा टेंपो घेऊन गावोगाव फिरतो. अर्जुनाची मेंढरं कुणाच्या रानात बसली आहेत हे त्याला ठाऊक असायचं. तो जाता जाता डब्यात हात घालायचा आणि कार्ड असलं तर घेऊन जायचा. कधी अर्जुना स्वतःच यायचा. मग आम्ही दोघं मिळून कार्ड वाचायचो, कारण एखादा शब्द त्याला लागायचा, एखादा मला.

पहिलं पुस्तक छापताना वर्षभर कार्डं चालली होती. अप्पा कार्डाच्या वर श्री, म्हणजे देवाचं नाव, घालत नसत. म्हणत, वर देव आणि खाली प्रुफातल्या चुका, हे बरं दिसत नाही. तारीख टाकून थेट ‘चि. अर्जुन यास आशीर्वाद’ आणि पुढं कामाचं. मुखपृष्ठावरचं चित्र आलं तेव्हा अर्जुनानं लिहिलं होतं की चित्रकारानं मेंढा म्हणून बोकड काढलाय. अप्पांचं उत्तर आलं, ‘पुण्यामुंबईच्या वाचकाला फरक कळणार नाही. पण तुमच्या मेंढ्याला कळेल. बदलून घेतो.’ आणि घेतलं. पुढं अप्पांची पत्नी वारली त्या वर्षी अर्जुनानं त्यांना एक घोंगडं विणून घेऊन पाठवलं. त्यावर आलेल्या कार्डात घोंगड्याबद्दल एक शब्द नव्हता. फक्त, ‘आता झोप लागते,’ एवढंच.

पण मला त्या सगळ्या कार्डांतलं एक पक्कं आठवतं. पहिल्या कादंबरीच्या शेवटी अर्जुनानं एक लग्न घातलं होतं. भांडणं मिटलेली, पाऊस पडलेला, पंगत बसलेली. अप्पांनी लिहिलं, ‘शेवटी सगळ्यांना जेवायला बसवू नका. वाचकाला थोडा उपाशी उठू द्या.’ अर्जुनाला राग आला होता. आमच्यात कुणी दारातनं उपाशी जात न्हाई, म्हणाला. तरी त्यानं ते पान काढून टाकलं, आणि पुस्तकाचं जे काही थोडंफार नाव झालं ते त्या शेवटामुळं झालं.

आता धनाजीचं सांगायला हवं.

धनाजी अर्जुनाचा धाकटा भाऊ. हरणाबाई, म्हणजे अर्जुनाची बायको, लग्न होऊन आली तेव्हा हा पोर घोड्यावर कोकरांबरोबर पाटीत बसण्याएवढा होता. सासू लवकर गेली. हरणाबाईनंच त्याला वाढवलं. तो मोठा झाला आणि मेंढरांमागं फिरायचं नाही म्हणाला. आमच्या या भागातली, विशेषतः विटा-आटपाडीकडची पुष्कळ माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत. त्याला गलाई म्हणतात. त्यासाठी ती पार दक्षिणेत जाऊन राहतात. कडेगावच्या एका ओळखीच्याबरोबर धनाजी तमिळनाडूत सेलमला गेला. सुरुवातीला पत्रं यायची, तीही माझ्याच पत्त्यावर. शेवटचं आलं त्यात होतं, ‘दुकान बदलतोय. नवा पत्ता कळवतो. वहिनीला सांगा काळजी नको.’

नवा पत्ता आला नाही. अर्जुना एकदा तिकडं जाऊन आला. कुणी म्हणालं कोइमतूरला गेला, कुणी म्हणालं केरळात. त्या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. सगळ्यांच्या हातात फोन आले, पण ज्याचा नंबर नाही त्याला फोनचा काय उपयोग. हरणाबाई मला भेटली की विचारायची, ‘दादा, काय आलं का?’ मी नाही म्हणायचो. कोण, कुठलं, हे दोघांनीही बोलायची गरज नव्हती.

अर्जुनाची दुसरी कादंबरी या धनाजीवर होती. नाव बदललेलं, बाकी सगळं तेच. लिहायला त्याला फार वर्षं लागली. लिहून झाली तरी शेवट होईना. त्यानं दोन शेवट लिहिले. एकात धाकटा भाऊ परत येतो. दुसऱ्यात तो परमुलखात मेल्याची बातमी येते. दोन्ही शेवट बाडाला जोडून त्यानं अप्पांना पाठवले, आणि वर कार्ड लिहिलं. मी ते वाचलं होतं. ‘ती. अप्पांस शि. सा. नमस्कार. याला परत आणू का मारू, तुमी सांगाल तसं. माझ्यानं ठरवणं होत नाही.’

अप्पा तेव्हा नव्वदीला टेकले होते. नात मयूरी पुस्तकांचं काम बघायला लागली होती. आम्ही उत्तराची वाट बघत होतो. अर्जुना आठवड्यातून एकदा फोन करायचा, ‘डब्यात काय?’ एवढंच विचारायचा.

त्या फाल्गुनात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, आणि मी साताऱ्याला माझ्या मुलीकडं, शिवांजलीकडं जाऊन राहिलो. मी नसतानाच कार्ड आलं. पोस्टमननं डब्यात टाकलं, आणि जोतिबानं नेहमीसारखं उचललं. मेंढरं तेव्हा धामणेरला कृष्णेच्या काठच्या रानात बसली होती. हे सगळं आम्हाला पुढं महिन्याभरानं कळलं. तेव्हा कळलं ते इतकंच, की अप्पा गेले. मयूरीचा फोन मला साताऱ्यात आला. मी अर्जुनाला कळवलं. तो म्हणाला, ‘उत्तर द्यायचं राहूनच गेलं की त्येंचं.’

माझ्या डोळ्यावर पट्टी, प्रवास करायचा नाही. त्यामुळे महिना गेला. तोवर होळी होऊन गेली. अर्जुना फोनवर म्हणाला की हरणाबाईचं काही बरं दिसत नाही. होळीला तिनं पुरण घातलं नाही. पोट बिघडलंय म्हणाली. बोलत नाही, सकाळी उठून नदीकडं बघत बसते. अप्पांचं तिनंही मनाला लावून घेतलं असेल, असं आम्हाला वाटलं. त्यांच्या घोंगड्याची लोकर तिनंच तर कातली होती.

डोळा बरा झाल्यावर आम्ही दोघं आगगाडीनं सांगलीला गेलो. पुढच्या खोलीत अप्पांचं टेबल तसंच होतं. खुर्चीच्या पाठीवर घोंगडं. मयूरीनं चहा दिला. अर्जुनानं बाड परत मागितलं. म्हणाला, आता ते राहू दे, ज्यांनी सांगायचं ते गेले.

मयूरी म्हणाली, ‘असं काय म्हणता काका? आजोबांनी कार्ड पाठवलं होतं की तुम्हाला. जायच्या आधी चार-पाच दिवस. दुपारभर लिहीत बसले होते. मीच पेटीत टाकलं.’

अर्जुनानं माझ्याकडं बघितलं. मी नाही अशी मान हलवली.

‘काय लिवलं हुतं?’ त्यानं विचारलं.

तिला सांगता येईना. आजोबांचं अक्षर तिला कधी लागलंच नाही. कार्ड अगदी काठोकाठ भरलेलं होतं, पत्त्यालासुद्धा जागा जेमतेम उरली होती, एवढं तिला आठवत होतं. ती बिचारी ओशाळली. मिळालं असेल असंच ती धरून चालली होती.

परतताना गाडीत अर्जुना एकदम खुशीत होता. कार्ड आहे, म्हणजे कुठं तरी असणार, सापडणार. त्यानं मला दोनदा विचारलं की काठोकाठ भरलेलं म्हणजे किती ओळी होतील. रहिमतपूरला उतरल्यावर जोतिबाला फोन केला. तो टेंपो घेऊनच आला. कार्डाचं विचारल्यावर म्हणाला, ‘आलं हुतं की. म्या दिलंय.’

‘कुणाच्या हातात?’

‘हातात न्हाई. बिऱ्हाडावर कुणी न्हवतं. तुमी बाजाराला गेलता, वहिनी पाण्याला. कोकरांच्या वाघरीला खोवून आलो.’

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावतात ती जाळी. अर्जुना कपाळाला हात लावून हसायला लागला. ‘गड्या, कोकरांच्या वाघरीला? तिथं माझं धोतर टिकत न्हाई, कार्ड टिकंल व्हय?’

बिऱ्हाडावर पोचलो तर हरणाबाई चुलीपुढं बसली होती. अर्जुनानं तिला हसतच विचारलं, अप्पांचं कार्ड आलं होतं म्हणे, जोतिबानं जाळीला लावलेलं, कोकरांनी खाल्लं का तू बघितलंस?

ती उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. मग हळू म्हणाली, ‘त्याचा कोपरा... त्यो कोकरांनी खाल्ला हुता?’

मला ते लगेच समजलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुणी गेल्याचं कळवायचं पत्र असलं, की त्याचा कोपरा फाडून ते पाठवायची आपल्याकडं पद्धत होती. वर श्री घालायचं नाही. आलेलं पत्र घरात न्यायचं नाही, बाहेरच वाचून फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची. आता असली पत्रं कुणी पाठवत नाही, फोनवर सगळं कळतं. पण हरणाबाईला लिहिता-वाचता येत नाही, आणि तिचा बाप गेल्याचं तिला अशाच एका कार्डानं कळलं होतं. अक्षर नाही, पण तो कोपरा तिला वाचता येत होता. श्रीचा आकारही तिला ओळखता येत होता, आणि तो या कार्डावर नव्हता. अप्पा कधीच घालत नसत.

ती पाण्याहून आली, तेव्हा जाळीत ते कार्ड होतं. कोपरा गेलेला, वर श्री नाही. जवळच्या सगळ्यांना फोन आहे. ज्याची खबर कार्डानंच येईल असं तिचं एकच माणूस होतं.

तिनं ते वाचून घ्यायचं नाही असं ठरवलं. नदीवर गेली, कार्ड फाडून पाण्यात सोडलं, अंघोळ केली, आणि भिजल्या लुगड्यानं परत येऊन कोकरं सोडली. नवऱ्याला सांगितलं नाही. रानात सुतक कसं पाळायचं, चार माणसं कुठून आणायची, याला मेंढरांमागं पळायचंय. पावसाळ्यात गावाकडं गेल्यावर सांगू, असं तिनं मनाशी धरलं होतं. महिनाभर तिनं गोड खाल्लं नाही. एकटीनं सुतक धरलं होतं तिनं, धनाजीचं.

हे तिनं तुटक तुटक सांगितलं. सांगताना मध्येच ती रडायला लागली, आणि मग माझ्या लक्षात आलं की तिचं तोंड रडतं आहे पण डोळे हसत आहेत. ‘म्हंजी त्यो हाय,’ ती म्हणाली. ‘दादा, म्हंजी त्यो हाय वं.’

मला तिथं कुणाकडं बघावं कळेना. तिला तिचा दीर परत मिळाला होता, आणि त्याच कार्डातला अप्पांचा शब्द अर्जुनाच्या हातून कायमचा गेला होता. अर्जुना तिला एक शब्द बोलला नाही. फक्त नदीकडं बघून म्हणाला, ‘सांगलीकडंच गेलं आसंल वाहत. अप्पांचं अप्पांकडं.’

त्या संध्याकाळी हरणाबाईनं पुरण घातलं. होळी होऊन महिना होत आला होता. मी आणि जोतिबा जेवूनच निघालो. अर्जुनानं पोळी खाल्ली, पण मला माहीत आहे, त्याला ती गेली नाही.

पुढची दोन वर्षं त्यानं बाड उघडलं नाही. मयूरी फोन करायची, मेसेज पाठवायची. काका, दोन्हीपैकी कुठलाही शेवट द्या, आपण छापू. तो म्हणायचा, बघू. मला भेटला की मात्र तेच. काठोकाठ भरलेलं कार्ड. अप्पांना पटलं असतं तर दोन ओळी लिहिल्या असत्या, मग इतकं काय लिहिलं असेल? दोन्ही शेवट नापसंत असतील? की पहिल्या पानापासून चुका काढल्या असतील? जोतिबाला त्यानं इतक्या वेळा विचारलं, की तो त्याला बघून टेंपोचा आवाज वाढवायला लागला. जुनी सगळी कार्डं त्यानं माझ्याकडं आणून ठेवली आणि आम्ही ती परत वाचली. अप्पा कशावर काय बोलले असते याचा अंदाज यावा म्हणून. वाचताना अंदाजाचं राहून जायचं, आणि एखादं कार्ड हातात धरून तो नुसता बसायचा. ‘आता कुणाला लिवायचं, गंगाधरराव?’ एकदा म्हणाला. मला लिही, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मी काय अप्पा नव्हे. मी आपला ‘द्वारा’.

गेल्या साली माघात मेंढरं पुन्हा धामणेरच्या त्याच रानात बसली. जोतिबाबरोबर मी दुपारी गेलो होतो. हरणाबाई कोकरांना त्यांच्या त्यांच्या आयांखाली सोडत होती. अर्जुना बोलता बोलता पुन्हा त्या विषयावर आला, आणि तिला विचारलं, ‘आगं, एखादं तरी अक्षर ध्यानात आसंल की. वळण कसलं हुतं?’

तिनं हातातलं कोकरू खाली ठेवलं. मी तिला कधी चिडलेली बघितली नव्हती.

‘आवं, किती येळा इचारशीला? मला वाचाय येत असतं तर ही पाळी आली असती का? मला त्या कार्डातलं एवढंच ठावं हाय, की त्यात धनाजी मेला न्हवता.’

मेंढरं ओरडत होती, त्यांना कसलं काय. अर्जुनानं मला, चला, म्हटलं, आणि आम्ही नदीपर्यंत चालत गेलो. तिथं तो म्हणाला की धाकट्याला परत आणतो.

मला राहवलं नाही. इतक्या वर्षांत मी त्याच्या लिहिण्यात तोंड घातलं नव्हतं, पण वाटलं की आता अप्पांच्या बाजूनं बोलायला दुसरं कुणी नाही. मी म्हणालो, ‘अर्जुना, अप्पांनी काय लिहिलं असेल ते तुलाही माहीत आहे. त्यांनी त्याला परत येऊ दिलं नसतं. उपाशी उठू द्या म्हणाले असते.’

‘ठावं हाय की,’ तो म्हणाला. ‘पयल्या दिवसापास्नं ठावं हाय. पर त्ये कार्ड मला मिळालं न्हाई, गंगाधरराव. पोस्टाची चूक न्हाई, माझी न्हाई, कोकराची चूक. आता अप्पांनी काय करावं?’

असं म्हणून तो हसला, आणि मग घोंगड्याच्या टोकानं डोळे पुसले.

त्यानं शेवट नव्यानं लिहिला. तीन आठवडे लागले. मी वाचू का म्हणून विचारलं नाही आणि त्यानंही दाखवला नाही. बाड मयूरीला गेलं. सोबत कार्ड होतं, ते मात्र मी पाहिलं. ‘चि. मयूरीस आशीर्वाद. शेवट केला. आजोबांचं ऐकलं नाही आणि मोडलंही नाही. छाप.’

पुस्तक दिवाळीत आलं. पहिल्या प्रतीचं पार्सल अर्जुनानं सेलमच्या त्या जुन्या पत्त्यावर केलं, जिथून धनाजीचं शेवटचं पत्र आलं होतं. मी त्याला म्हणालो की ते दुकान तिथं नाही हे तू स्वतः बघून आलास. तो म्हणाला, असू दे. पाठवणाऱ्याच्या जागी त्यानं माझा पत्ता घातला. घेणारा मिळाला नाही तर पार्सल माझ्याकडं परत यायला हवं. त्यामुळे पोस्टमन दिसला की मी आता दाराशी जातो, आणि त्याचे हात रिकामे बघून परत येऊन बसतो. अजून ते आलेलं नाही. पोस्टात गहाळही होतात पार्सलं, हे मला कळतं.

दुसरी प्रत हरणाबाईला वाचून दाखवायची होती. अर्जुना म्हणाला, माझ्या तोंडनं नको, तुम्ही वाचा. म्हणून मी परवा त्यांच्या बिऱ्हाडावर गेलो. सगळं पुस्तक वाचणं शक्य नव्हतं. ती म्हणाली, ‘दादा, आखरीचं तेवढं वाचा.’

मी वाचलं. बिऱ्हाड एका रानात उतरलेलं. संध्याकाळ होत आलेली. लांबून एक माणूस चालत येतो. कुत्री धावून जातात, आणि जवळ गेल्यावर भुंकायची थांबतात. त्याच्या पायात शहरातल्या चपला आहेत, त्या तो बांधावर काढून ठेवतो. वहिनी चुलीपुढून वर बघत नाही. फक्त पाण्याचा तांब्या उजव्या हातानं पुढं सरकवते. तो पाय धुतो.

मी थांबलो.

हरणाबाई पदर तोंडाला लावून बसली होती. ‘मग?’ तिनं विचारलं.

‘एवढंच आहे,’ मी म्हणालो.

‘जेवला का त्यो?’

मी पान उलटून बघितलं. पुढचं पान कोरं होतं, ते मला माहीत होतं, तरी बघितलं. अर्जुना जरा लांब, जाळीची एक मेख ठोकत पाठमोरा उभा होता. त्याचा हात थांबला होता.

‘जेवला असेल की,’ मी म्हणालो.

‘भाकरी टाकली आसंल तिनं,’ हरणाबाई म्हणाली, आणि पीठ मळायला उठली.